घोड्याचा पाय सुजून पू झाला तर: या चुका टाळा

आमची घोडी चांदणी एका संध्याकाळी चरून आली तेव्हा मागच्या डाव्या पायावर, खुराच्या वरच्या सांध्यापासून चार बोटं वर, मसुरीच्या दाण्याएवढा रक्ताचा ठिपका होता. बाभळीचा काटा लागला असेल म्हणून मी हळद लावली आणि झोपलो. सकाळी सहाला तबेल्यात गेलो तर पाय खांबासारखा झाला होता, खुरापासून वरच्या मोठ्या सांध्यापर्यंत एकाच जाडीचा. ती टाप टेकवत नव्हती. पायाला हात लावायला गेलो तर तिने पायच पोटाखाली ओढून घेतला. त्यानंतरचे पाच आठवडे आम्ही दोघांनी काढले. त्यात ज्या चुका माझ्याकडून झाल्या आणि ज्या आजूबाजूच्या तबेल्यांतून पाहतो, त्या इथे लिहितो आहे.

"एवढासाच काटा आहे, बघू उद्या"

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. घोड्याच्या पायाला खालच्या भागात मांस जवळजवळ नाहीच. कातडी, तिच्या लगेच खाली कंडरा (मांस हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, ज्यांना आपण नसा म्हणतो), हाड आणि सांधे. मांडीवर जखम झाली तर जंतूंना आत जायला वेळ लागतो. इथे काट्याचं टोक थेट कंडरेच्या पिशवीत किंवा सांध्यात जाऊ शकतं. म्हणून जखमेच्या आकाराकडे बघू नका, ती कुठे झाली आहे ते बघा. सांध्याजवळची वा कंडरेवरची बारीकशी जखम ही मांडीवरच्या वीतभर जखमेपेक्षा जास्त घातक असते.

सांध्यापर्यंत जखम गेली की त्यातून फिकट पिवळं, चिकट पाणी येतं. दोन बोटांत धरून बोटं लांब केली की अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटते. असं दिसलं तर डॉक्टरांना त्याच तासाला बोलवा. इथे घात करणारी एक गोष्ट आहे. सांधा वाहत असतो तोवर आत दाब साठत नाही, त्यामुळे जनावर फारसं लंगडत नाही. जखमेचं तोंड मिटलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय उचलूनच धरतं. "काल तर बरा चालत होता" हे वाक्य मी फार जणांकडून ऐकलं आहे. सांधा मोठ्या दवाखान्यात भूल देऊन धुवावा लागतो, आणि त्यात जाणारा प्रत्येक तास घोड्याच्या विरोधात असतो.

थर्मामीटर नसणं

ज्या तबेल्यात खरारा (अंग घासायचा ब्रश) आहे, तिथे थर्मामीटरही हवा. ताप गुदद्वारातून मोजतात, म्हणून त्याला दोरा बांधा, दोऱ्याला चिमटा लावा आणि चिमटा शेपटीच्या केसांना, म्हणजे तो आत ओढला जात नाही. मोठ्या घोड्याचं तापमान विश्रांतीत साधारण 99 ते 101.5 फॅरनहाइट असतं, आणि ठोके मिनिटाला 28 ते 44. चांदणीला त्या सकाळी 103.6 ताप होता. मी तो आकडा फोनवर सांगितला आणि डॉक्टर म्हणाले, "दुपारची वाट बघू नका, मी निघतोय." नुसतं "पाय सुजलाय" म्हटलं असतं तर कदाचित दुपार झाली असती. जवळ डॉक्टर नसतील तर राज्याच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे.

गरम वीट, मिठाचा शेक, डाग

आमच्या आबांनी लगेच चुलीत वीट टाकली. त्यांचा जीव त्या घोडीवर माझ्यापेक्षा जास्त, त्यामुळे त्यांना थांबवणं अवघड गेलं. पण पाय आधीच भट्टीसारखा तापलेला असताना शेक दिला की सूज आणखी भरते. पहिल्या दिवसांत थंड पाणी: पाइपने साध्या धारेने, खालून वर, पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा. जखमेत जोराची धार मारू नका, घाण आत ढकलली जाते. नंतर पाय फडक्याने टिपून कोरडा करा. सुजलेल्या कातडीतून पिवळसर पाणी पाझरतं, केस चिकटतात आणि ओल राहिली की कातडी सोलून निघते.

जखमेत रॉकेल, जळकं ऑइल, चुना घालू नका. रोज हायड्रोजन पेरॉक्साइडही ओतू नका. फेस येतो, म्हणून वाटतं साफ होतंय, पण भरून येणारी नवी कातडीही त्यानेच मरते. उकळून गार केलेलं पाणी, लिटरला चहाचे दोन चमचे मीठ, एवढं पुरतं. आणि डाग देणं हा उपचार नव्हे. जे जनावर आधीच वेदनेने थरथरतंय, त्याला आपण आणखी भाजतो.

औषध अंदाजाने

डॉक्टरांनी वजन विचारलं. मी बेधडक 400 किलो सांगितलं. त्यांनी टेप मागितला: पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर 157 सेंटिमीटर, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (मागच्या नितंबाच्या) टोकापर्यंत लांबी 145. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11880. उत्तर आलं साधारण 300 किलो. माझ्या अंदाजावर वेदनाशामक दिलं असतं तर ते एक तृतीयांश जास्त गेलं असतं. अशा औषधाचा डोस वाढला, किंवा दोन प्रकारची एकत्र दिली, की पोटात व्रण होतात, किडनी खराब होते. पाणी कमी पिणाऱ्या, तापलेल्या घोड्यात तर लवकरच. डायक्लोफिनॅक तर कुठल्याच जनावराला देऊ नका. मेलेल्या गुरांतून ते गिधाडांच्या पोटात जाऊन गिधाडं संपत आली, म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली.

दुकानातून आणलेलं दुसऱ्या जनावराचं अँटिबायोटिकही नको. लिंकोमायसिन कोंबड्यांना चालतं. घोड्याला त्याने आतड्याचा असा दाह होतो की जनावर जुलाबाने मरतं. प्रोकेन पेनिसिलिन फक्त मांसात द्यायचं असतं, शिरेत गेलं तर घोडा जागीच कोसळू शकतो. हात बसला नसेल तर इंजेक्शन डॉक्टरांनाच देऊ द्या.

आणि धनुर्वात. सगळ्या जनावरांत घोडा त्याला सगळ्यात लवकर बळी पडतो. लस कधी दिली हे आठवत नसेल तर दिलीच नाही असं धरून पहिल्याच भेटीत तसं सांगा.

चौथ्या दिवशी इंजेक्शन बंद

ही चूक माझी. चौथ्या दिवशी ताप उतरला, घोडी चंदीच्या (दाण्याच्या खुराकाच्या) डब्याकडे मान टाकायला लागली, लंगडणं निम्मं झालं. मला वाटलं, झालं. सहाव्या दिवशी पाय परत भरला, आणि या वेळी काट्याच्या जागी गळू होऊन फुटलं. पुवाबरोबर काट्याचं अर्धा इंचाचं काळं टोक बाहेर आलं. ते मी आजही काडेपेटीत ठेवलं आहे. वेदनाशामक चालू असताना घोडा कमी लंगडतो, त्यावरून आतला जंतू मेला असं ठरत नाही. औषध कधी थांबवायचं ते डॉक्टर ठरवतील. आपण रोज दोनदा वहीत लिहायचं: ताप, ठोके, आणि शिंपीटेपने पायाचा घेर, दरवेळी एकाच जागी. जागा चुकू नये म्हणून तिथले केस थोडे कातरून ठेवा.

पट्टी आणि चालणं

आवळून बांधलेली पट्टी कंडरेला कायमची इजा करते. आधी जाड कापूस, मग पट्टी, सगळीकडे सारखा ताण, खुरापासून वरपर्यंत. फक्त मध्येच बांधली तर पट्टीच्या वर आणि खाली पाय फुगतो. रोज सोडून, बघून, परत बांधायची.

खुंट्याला बांधून ठेवणं हीही चूक असू शकते. पायातला द्रव वर ढकलायला तिथे मांस नाही, ते काम टाप टेकवण्याने होतं. म्हणून नुसत्या कातडीखालच्या सुजेत, डॉक्टरांनी परवानगी दिली की हाताला धरून पाच-दहा मिनिटं, दिवसातून चार वेळा चालवायचं. पण सांध्यात किंवा कंडरेत जंतू असतील, किंवा हाडाची शंका असेल, तर एक पाऊलही नको. हा फरक स्वतः ठरवू नका.

चांगल्या पायाकडे दुर्लक्ष

एक पाय उचलून धरला की त्याचा सगळा भार शेजारच्या पायावर येतो. आठवडा-दोन आठवडे असं चाललं की त्या चांगल्या पायाच्या खुरात दाह होतो, आत हाड फिरतं, आणि मूळ जखम भरलेला घोडा त्यानेच जातो. रोज चारही खुरांवर हात ठेवा. खुराच्या वरच्या सांध्याच्या मागे, दोन्ही कडांना बोट लावून ठोका चाचपा. निरोगी पायात तो जेमतेम लागतो. जोराने उडत असेल, खूर गरम असेल, तर तो निरोप डॉक्टरांना लगेच पोचवा. खाली लाकडाच्या भुशाचा किंवा भाताच्या पेंढ्याचा वीतभर थर घाला, म्हणजे घोडा बसेल. चंदी एकदम कमी करा, गवत आणि पाणी भरपूर.

गाठींची माळ दिसली तर

पायाच्या आतल्या बाजूने दोरीसारखी जाड शीर, तिच्यावर ओळीने गाठी, आणि त्या फुटून मधासारखा चिकट स्राव येत असेल तर तो काट्याचा पू समजू नका. ग्लँडर्स हा घोड्यांचा जीवघेणा संसर्गजन्य रोग असू शकतो, आणि तो माणसालाही होतो. उघड्या हाताने जखम धुऊ नका. घोडा वेगळा बांधा, त्याची बादली वेगळी करा आणि सरकारी दवाखान्याला कळवा. हा कायद्याने कळवायचाच रोग आहे. नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासला जातो.

बरा झाला म्हणून विसरणं

असा पाय एकदा सुजला की तो परत सुजायची शक्यता राहते. चांदणीचा पाय आजही उजव्यापेक्षा बोटभर जाड आहे. पावसाळ्यात चिखलाने खुरामागची कातडी चिरते, तिथून जंतू शिरतात, म्हणून पाय धुण्यापेक्षा कोरडे ठेवणं महत्त्वाचं. रात्रभर उभी राहिली की तिचा तो पाय थोडा भरतोच. मी तिला दहा मिनिटं चालवतो. सूज उतरली, पाय गार असला, तर काळजी नाही. चालूनही उतरली नाही आणि हाताला चटका लागला, तर आधी थर्मामीटर आणि मग लगेच फोन.