ऑलिम्पस ट्रिप ३५: जुना रोलचा कॅमेरा घ्यायचा कसा, वापरायचा कसा

रोज जवळ बाळगायला रोलचा छोटा कॅमेरा हवा असेल तर माझं उत्तर ठरलेलं आहे: ऑलिम्पस ट्रिप ३५. तो १९६७ ते १९८४ या काळात निघाला, म्हणजे आता जुनाच मिळणार. बॅटरी लागत नाही; लेन्सभोवतीच्या सेलेनियमच्या (उजेडातून वीज तयार करणाऱ्या) कड्यावर पडणाऱ्या उजेडावरच उजेड मोजणारा मीटर चालतो.

घेताना लेन्सभोवतीची रिंग 'ए'वर (ऑटोवर) ठेवा, मागचं चाक अडेपर्यंत फिरवा, लेन्स तळहाताने झाकून बटण दाबा. व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावायच्या खिडकीत) लाल पट्टी दिसायला हवी आणि शटर उडता कामा नये. मग उजेडात दाबा, आता उडालं पाहिजे. तसं झालं नाही तर विकणाऱ्याच्या "रोल टाकल्यावर चालेल" यावर विश्वास ठेवू नका. लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशीचे धागे बघा. आपल्या पावसाळ्यात ती हमखास धरते.

आता रोल भरणं. "काउंटर पुढे सरकला म्हणजे रोल लागला" हा सल्ला साफ चुकीचा आहे. भाचीच्या बारशाला मी त्याच भरवशावर ३६ फोटो काढले. रोल डबीतून बाहेर आलाच नव्हता. ते फोटो गेले ते गेलेच, म्हणून हे कळकळीने सांगतो.

रोलची जीभ उजवीकडच्या फिरकीच्या खाचेत खोल घाला. दार उघडंच ठेवून चाक फिरवा आणि वरच्या-खालच्या दोन्ही कडांची भोकं दात्यांवर बसलेली डोळ्यांनी बघा. इथे घाई नको. दोन-चार इंच रोल वाया गेला तरी चालेल. दार लावलं की डावीकडची दांडी बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून ढील काढा. मग चाक फिरवताना ती दांडी उलटी फिरलीच पाहिजे. फिरली नाही तर पुन्हा उघडा, पुन्हा भरा. प्रत्येक रोलच्या पहिल्या दोन-तीन फोटोंना माझी नजर आजही त्या दांडीवरच असते.

रोल २०० किंवा ४०० आयएसओचा (हा आकडा म्हणजे रोलची उजेडाला असलेली संवेदनशीलता) घ्या आणि तोच आकडा लेन्सवरच्या आयएसओच्या रिंगवर लावा. फोकस तीन माणसांच्या चिन्हावर ठेवला की रस्त्यावरचं, घरच्या अंगणातलं बहुतेक काम भागतं. समोरचा माणूस मीटरभर अंतरावर असेल तर एका माणसाच्या चिन्हावर न्या. लाल पट्टी आली तर उजेडात सरका.

रोल संपल्यावर तळाचं बटण दाबून दांडीने उलटा गुंडाळा, ताण सुटल्याशिवाय दार उघडू नका. धुवायला देतानाच निगेटिव्ह परत हव्यात असं सांगून ठेवा. काही ठिकाणी नुसते स्कॅन पाठवतात आणि त्या टाकून देतात.