हाफ तिकीटवाल्यांच्या खोलीत मोठ्यांनी कसं वागावं

मी एस.टी.त ३१ वर्षं कंडक्टर होतो. पाच ते बारा वयाच्या पोरांची हाफ तिकिटं फाडण्यात हयात गेली. आता वय ६७, ज्येष्ठांच्या सवलतीत माझंच अर्धं तिकीट लागतं. पण म्हणून आमच्या तालुक्याच्या वाचनालयातली मागची खोली, जिच्या दारावर 'बालविभाग' अशी पाटी आहे, ती काही माझी होत नाही. हे कळायला मला एक अख्खा मे महिना लागला.

खान्देशातला मे कसा असतो ते सांगायला नको. पारा ४४-४५ वर, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. मोठ्या हॉलमधले पंखे गरम हवाच फिरवतात. कूलर एकच, तो बालविभागात. नातवाला घेऊन तीन दिवस गेलो. चौथ्या दिवशी तो मामाच्या गावाला गेला, मी मात्र जातच राहिलो. कूलरपुढं बसायचं, पेपर वाचायचा, जमलं तर एक डुलकी. मधेच एखादं पोरगं आलं की आपली नेहमीची चौकशी, "कोना आंडोर शे रे तू?" म्हणजे कुणाचा पोरगा रे तू? गालगुच्चा घ्यायचा, खिशातली लिमलेटची गोळी द्यायची. आठवडाभरानं ग्रंथपाल मॅडम जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आबा, नातू सोबत नसेल तर पेपर बाहेर हॉलमध्ये वाचत जा."

मला लागलं ते. पंधरा दिवस वाचनालयाचं तोंड पाहिलं नाही. घरी धुसफूस चालली होती, तेव्हा बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "तुम्ही विनातिकीट माणसाला उतरवायचे तेव्हा तो काय म्हणायचा?"

"काय म्हणायचा? मी काय चोर दिसतो का, म्हणायचा."

"मग तुम्ही काय म्हणायचे?"

मी म्हणायचो, दादा, तू चोर आहेस की साव हे मला तोंड बघून कळत नाही, मला तिकीट कळतं.

बालविभागाचंही असंच आहे. सोबतचं मूल हे आपलं तिकीट. पन्नास जणांनी न कुरकुरता तिकीट काढलं तरच एक्कावन्नावा कोण ते कंडक्टरला दिसतं. तसं चांगल्या माणसांनी पाळायचं ते पाळलं की न पाळणारा लगेच नजरेत येतो. नाहीतर त्या खोलीतल्या सहा वर्षांच्या पोरीवर बरा आबा कोणता आणि वाईट कोणता हे निवडायची वेळ येते. आणि ते मोठ्यांनाही जमत नाही.

आता मी मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी त्याच खोलीत मदतनीस म्हणून बसतो. मॅडमनी संचालक मंडळाला विचारून, वहीत नाव-पत्ता लिहून घेऊन बसवलंय. तिथं बसून जे शिकलो ते लिहितो.

मूल सोबत नसेल आणि पुस्तक हवं असेल, म्हणजे नातीला गोष्टीचं पुस्तक न्यायचंय किंवा शाळेतल्या बाईंना वर्गासाठी चार पुस्तकं हवीत, तर आधी काउंटरवर सांगा. आत जा, पुस्तक निवडा, आणि चाळत बसायला बाहेरच्या हॉलमध्ये या. पाच-दहा मिनिटांचं काम. बालसाहित्य मोठ्यांनी वाचू नये असं कुणी म्हणत नाही, मी स्वतः आवडीनं वाचतो. फक्त बसायची जागा ती नव्हे.

मूल सोबत असेल तर त्याच्याजवळ बसा. दुसऱ्या टोकाला जाऊन मोबाईलमध्ये मान घालायची नाही. खुर्ची भिंतीकडची घ्या, दार अडवू नका. दोन कपाटांच्या मधल्या बोळात पोरं फतकल मारून वाचत बसतात, तिथं मोठ्या माणसानं शिरून उभं राहिलं की त्यांना बाहेर पडायला वाट राहत नाही. पोरगं बोलत नाही, पण पुस्तक मिटून टाकतं. मी बघितलंय.

आता हात लावण्याबद्दल. ही गोष्ट आमच्याकडे सगळ्यात अवघड जाते, कारण खान्देशात दुसऱ्याच्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवणं ही माया मानतात, आणि ती खोटी नसते. तरी वाचनालयात नको. गालगुच्चे नको, मांडीवर घेणं नको, पापा मागणं तर नकोच. वरच्या फळीवरचं पुस्तक हवं असेल तर पोराला उचलू नका, पुस्तक उतरवून टेबलावर ठेवा. बुटाची नाडी सुटली, शर्ट पाण्यानं भिजला, लघवीला जायचंय, असं काही झालं तर त्याच्या घरच्या माणसाला किंवा मॅडमना हाक मारा. परक्या मुलाला संडासाकडे घेऊन जायचं नाही, कितीही घाईची वेळ असली तरी. हाक मारायला दोन सेकंद लागतात. पोरगं खुर्चीवरून पडलं, रक्त आलं, तर अर्थातच धरा, जखमेवर स्वच्छ रुमाल दाबा, पण तोंडानं मोठ्यानं हाका मारणं चालू ठेवा. आपण काय करतोय ते चार जणांना दिसलं पाहिजे.

माझ्या गोळ्यांचा विषय मॅडमनी नंतर वेगळा काढला. मी म्हटलं, लिमलेटची गोळी ती काय. त्या म्हणाल्या, "आबा, तुमची गोळी चांगलीच आहे. पण अनोळखी माणसाकडून खाऊ घ्यायचा असतो, हे त्याला तुम्ही शिकवताय." ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय कुणाला शेंगदाणा चालत नाही, कुणाचा उपास असतो. नातवासाठी केळीचे वेफर्स आणले असतील तर ते बाहेरच्या ओट्यावर, आणि दुसऱ्या पोराला द्यायचे तर त्याच्या आईला विचारून. तेलकट बोटांनी डागाळलेल्या पानांचा हिशेब तर वेगळाच.

बोलायचं कसं? मूल आपणहून बोललं तर नीट उत्तर द्या, आजूबाजूला ऐकू जाईल अशा आवाजात. कानात कुजबुज नको. 'नाव काय, कुठं राहतोस, एकटाच आलास का, घरी कोण कोण असतं' ही आपली बसमधली चौकशी इथं करायची नाही. 'कोना आंडोर' हे मी जिभेवरून महिनाभर झटकत होतो. त्याऐवजी पुस्तकाबद्दल विचारा. "ह्यात वाघाचं पुढं काय झालं?" म्हटलं की पोरं पंधरा मिनिटं थांबत नाहीत, आणि त्यात त्यांचा पत्ता कुठेच येत नाही.

पुस्तक निवडून देण्याची हौस आवरा. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. त्यातल्या एकाचा अर्थ असा की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. त्याचं, म्हणजे आपल्याला त्याच्यासाठी आवडलेलं नव्हे. एक पोरगा आमच्याकडे ट्रॅक्टरच्या चित्रांचं एकच पुस्तक आठवेळा घेऊन बसला. मी एकदा म्हटलं, "अरे, थोरामोठ्यांचं चरित्र वाच की." तो पुस्तक छातीशी धरून म्हणाला, "आबा, हाई पुस्तक मन्हं शे." मी गप्प बसलो. कॉमिक्स वाचणाऱ्याला टोकणं, अडखळत वाचणाऱ्याचा उच्चार सुधारणं, 'आमच्या वेळी' सुरू करणं, हे सगळं ह्याच खात्यात धरा.

मोठ्यानं वाचून दाखवायचं असेल तर आपल्या मुलाला दाखवा. शेजारची दोन पोरं सरकत सरकत ऐकायला आली तर येऊ द्या, हाताला धरून ओढू नका, आणि कंटाळून उठली तर जाऊ द्या. आपल्याकडे मोठी माणसं गोष्ट संपली की लगेच विचारतात, "मग काय शिकलात?" पोरांचे चेहरे त्या क्षणी पडतात. नका विचारू.

मोबाईल. फोन आला की बाहेर. रील लावायचं नाही, पोरांना दाखवायचंही नाही. फोटोचं मात्र जरा लांबवून सांगतो. नातू पुस्तक वाचतोय, चेहऱ्यावर उजेड पडलाय, फोटो काढावासा वाटणारच. पण त्या फोटोत मागं तीन दुसरी पोरं असतात. ती कुठं, किती वाजता, कुणासोबत येतात हे आपण भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकतो आणि तिथून ते कुठंही जातं. फोटो काढायचाच तर बाहेर पाटीखाली, एकट्या नातवाचा. वाचनालयाच्या कार्यक्रमाचे फोटोसुद्धा पालकांना विचारूनच काढावेत असं मी बैठकीत मांडलं. एक सभासद हसले. पण आता विचारतात.

पालकांना एक गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगताना माझी जीभ अडखळते. बाजाराच्या दिवशी बाया येतात. "आबा, जरासं ध्यान ठेवा, मी बजारमा जाई येस." जरासं म्हणजे दोन तास. कपाशीच्या वेचणीत तर दहा वर्षांची ताई चार वर्षांच्या भावाला घेऊन दिवसभर येते, कारण आई शेतात असते. नियम सांगून त्या आईला लाजवणं मला पटत नाही, तिला दुसरी सोय असती तर तिनं केली असती. पण वाचनालय म्हणजे पाळणाघर नव्हे, आणि मी तर ध्यान ठेवायला मुळीच योग्य माणूस नाही, कारण मी कुणीही असू शकतो. म्हणून मी "हो" म्हणत नाही. मॅडमकडे पाठवतो. त्या आईचा आणि शेजारणीचा फोन नंबर वहीत लिहून घेतात, कधी येणार ती वेळ लिहितात, आणि घ्यायला दुसरं कुणी येणार असेल तर त्याचं नावही. त्या ताईला मात्र कुणी 'भावाला सांभाळ' म्हणून दटावू नका. तीही हाफ तिकीटवालीच आहे, तिलाही वाचायला बसू द्या.

काही खटकलं तर काय करायचं? एखादा माणूस मुलाशिवाय रोज येऊन बसतो, एकाच पोरीच्या मागं मागं फिरतो, मोबाईल उभा धरतो. तर ग्रंथपालांना सांगा, त्याच क्षणी, आणि जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा. मुलाची उलटतपासणी घेऊ नका. मुलांसाठी १०९८ हा मोफत क्रमांक आहे, पोलिसांसाठी ११२. २०१२ च्या पोक्सो कायद्यात, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे. असा गुन्हा झाल्याचं ज्याला माहीत आहे त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, लपवणाऱ्याला शिक्षा आहे, आणि चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होत नाही. 'वाचनालयाची बदनामी होईल' म्हणून आपसात मिटवायचा अधिकार संचालकांनाही नाही. मुलाचं नाव मात्र कुठंही फुटता कामा नये.

आणि ग्रुपवर टाकायचं नाही. हे मी आमच्याच मुलखातलं बघून सांगतो. १ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज मोबाईलवर फिरत होते. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, जमावानं त्यांना ठेचून मारलं. ती पाचही माणसं निरपराध होती. दुसऱ्या दिवशी एस.टी.च्या गाडीत कुणी कुणाशी बोलत नव्हतं. म्हणून शंका आली की ती एका जबाबदार माणसाच्या कानावर घालायची, चार जणांच्या हातात द्यायची नाही. आणि कुणी आपल्यावर शंका घेतली, मॅडम येऊन 'आबा, बाहेर बसा' म्हणाल्या, तर वाद न घालता पेपर उचलून बाहेर बसायचं. मी पंधरा दिवस रुसलो होतो, तुम्ही दोन मिनिटांत आटपा.

राहिली बंद व्हायची वेळ. सहाला कूलर बंद होतो, साडेसहाला कुलूप लागतं. एखादं पोरगं राहून जातं, घरचं कुणी आलेलं नसतं. एस.टी.त असं मूल सापडलं की आम्ही स्टँडवर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीपाशी न्यायचो, घरी नाही. इथंही तेच. घर माहीत असलं, तुमच्याच गल्लीतलं असलं, तरी स्कूटरवर बसवून सोडायला निघू नका. वहीतले नंबर लावायचे, दोन मोठ्यांनी थांबायचं, तेही आत नाही, पायरीवर, रस्त्यावरच्या दिव्याखाली. फार उशीर झाला आणि कुणाचाच फोन लागला नाही तर ११२. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत असाच एक राहिला होता, तोच ट्रॅक्टरवाला. वहीतला नंबर लागत नव्हता. मॅडम एका पायरीवर, मी खालच्या पायरीवर, पोरगं आमच्यामध्ये. पाऊण तासानं आई आली, डोक्यावर पाटी, घामानं निथळत. काही बोलली नाही, त्याला हाताशी धरलं आणि चालू लागली. वहीत दुसऱ्या दिवशी तिचा नवा नंबर लिहून घेतला.