टाकाऊ सॉल्व्हंट बॉयलरमध्ये जाळण्याआधीचा हिशेब

तारापूर, लोटे किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील औषधनिर्मिती कारखान्यात वापरलेल्या सॉल्व्हंटचे, म्हणजे इतर पदार्थ विरघळवणाऱ्या द्रवाचे, ड्रम साचू लागले, की ते बॉयलरमध्येच का जाळू नयेत, हा प्रश्न पुढे येतो. फर्नेस ऑइल विकत घ्यावे लागते आणि टाकाऊ सॉल्व्हंटच्या विल्हेवाटीसाठीही पैसे मोजावे लागतात, त्यामुळे दुहेरी बचत दिसते. ती किती खरी आहे, हे मात्र नमुन्यापासून तपासत जावे.

ड्रमच्या वरच्या भागातून घेतलेला नमुना फसवतो. टोल्युइनसारखे हलके सॉल्व्हंट वर राहते आणि पाणी तळाशी बसते. काचेच्या नळीने पूर्ण उंचीचा नमुना काढून तो बाटलीत थोडा वेळ स्थिर ठेवला, तर दोन थर डोळ्यांनी दिसतात. पाण्याचा तोटा दुहेरी असतो, कारण ते स्वतः जळत नाहीच, शिवाय प्रत्येक किलोमागे वाफ होण्यासाठी सुमारे 600 किलोकॅलरी खाते.

हिशेबापुरते धरू, की कोरड्या सॉल्व्हंटचे उष्मांक मूल्य, म्हणजे जळताना मिळणारी उष्णता, किलोला 6,500 किलोकॅलरी असून त्यात 20 टक्के पाणी आहे. मग 5,200 मधून पाण्याचे 120 वजा जाऊन 5,080 उरतात, म्हणजे 10,000 किलोकॅलरीच्या फर्नेस ऑइलच्या जवळपास निम्मे. ऑइल 50 रुपये किलो धरले, तर किलोमागे बचत सुमारे 25 रुपये. विल्हेवाटीचे वाचणारे शुल्क यात मिळवावे आणि तपासणी, स्वतंत्र टाकी, पंप व बर्नर यांचा खर्च वजा करावा. टोल्युइनचा ज्वलनबिंदू, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते तो, सुमारे 4 अंश सेल्सिअस आहे, तर फर्नेस ऑइलचा किमान 66 अंश असावा लागतो. म्हणून फर्नेस ऑइलच्या जुन्याच टाकीत मिसळून खर्च वाचवण्याचा विचारही करू नये.

सर्वांत महाग पडतो तो क्लोरिन. डायक्लोरोमिथेन या क्लोरिनयुक्त सॉल्व्हंटचे एक किलो पूर्ण जळले, की सुमारे 860 ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड हा आम्लधर्मी वायू तयार होतो आणि तो शमवण्यासाठी जवळपास 940 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. शिवाय नळ्या गंजतात आणि ज्वलन नीट न झाल्यास डायॉक्सिन या अतिविषारी संयुगांचा धोका असतो. म्हणून क्लोरिनयुक्त सॉल्व्हंटचे ड्रम पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत. एकदा मिसळलेला साठा वेगळा करण्यात सगळी बचत जाते.

परवानगीही आधीच हवी. घातक कचऱ्यासंबंधीच्या 2016 च्या नियमांतील नियम 9 नुसार असा वापर स्वतःच्या आवारात करायचा असला, तरी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्र आवश्यक आहे, आणि ते केंद्रीय मंडळाच्या कार्यपद्धतीच्या आधारे दिले जाते. साठवणुकीची सर्वसाधारण मर्यादा 90 दिवसांची असल्याने परवानगीची वाट पाहत ड्रम रचून ठेवता येत नाहीत.

माझे स्पष्ट मत असे, की जाळण्याच्या हिशेबाशेजारी ऊर्ध्वपातनाचा, म्हणजे सॉल्व्हंटची वाफ करून ती थंड करून ते शुद्ध परत मिळवण्याचा, हिशेब मांडल्याशिवाय निर्णय घेऊच नये. शुद्ध सॉल्व्हंट 90 रुपये किलो धरून त्यातले 70 टक्के परत मिळाले, तर 63 रुपयांचा माल हाती येतो, आणि त्यातून वाफेचा व मजुरीचा खर्च वजा केल्यावरही तो बहुधा इंधनमूल्यापेक्षा जास्त भरतो. जाळण्याचा विचार करायचा तो मागे उरलेल्या गाळापुरता. त्या गाळाची तपासणी मात्र नव्याने करावी, कारण सॉल्व्हंट उडून गेल्यावर मूळ ड्रममधले क्षार आणि धातू त्यातच एकवटलेले असतात.