हरिसा पाण्याने बिघडतो: या चुका टाळा

हरिसा, म्हणजे सुक्या लाल मिरच्या, लसूण आणि मसाल्यांची तिखट पेस्ट, ट्युनिशियाचा. नाव अरबी, ‘कुटणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आलेलं, आणि निम्मी कृती त्या नावातच आहे. तरी लोक मिरच्या मिक्सरमध्ये टाकतात, वरून पाणी ओततात आणि चार दिवसांनी विचारतात, “आंबूस वास का येतोय?”

सगळ्यात मोठी चूक हीच. सुक्या लाल मिरच्यांचे देठ-बिया काढून त्या अर्धा तास गरम पाण्यात भिजवायच्या, इथवर सगळे बरोबर असतात. मग घाई नडते. माझ्या पहिल्या बरणीच्या वेळी मिक्सरचं पातं फिरेना, म्हणून मी भिजवलेलंच पाणी अर्धी वाटी घातलं. पेस्ट लोण्यासारखी झाली, रंगही सुरेख आला. नवव्या दिवशी झाकण उघडलं तर काचेच्या कडेला कापसासारखी पांढरी बुरशी आणि खाली बारीक फेस. अशा वेळी वरचा थर काढून बाकीचं वापरू नका, सगळं फेकून द्या. तेव्हापासून मी मिरच्या मूठ-मूठ घेऊन घट्ट पिळते, सुती कापडावर दोन तास पसरते आणि बोटाला ओल लागत नाही तेव्हाच वाटते. ट्युनिशियात मिरच्या उन्हात वाळवून, धुऊन, खलबत्त्यात कुटतात किंवा हाताने फिरवायच्या खिम्याच्या यंत्रातून काढतात. ही घरोघरची रीत २०२२ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली. तिथे मिक्सरचं पातं अडायचा प्रश्नच येत नाही.

दुसरी चूक धोक्याची आहे. वर ऑलिव्ह तेलाचा थर दिला की बरणी ओट्यावर ठेवली तरी चालते, हा समज सोडा. तेलाखाली हवा नसते आणि कच्च्या लसणातले बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू नेमके तिथेच वाढू शकतात. आठवड्यापुरता फ्रिजमध्ये, उरलेला फ्रीझरमध्ये.

मसाल्यातल्या कॅरवेच्या (जिऱ्यासारखं दिसणारं, पण वेगळ्या चवीचं बी) जागी साधं जिरं घालून तीच चव येत नाही. कॅरवे नसेल तर नुसत्या धण्यांवर भागवा. सगळ्यात जहाल मिरची शोधू नका, तिथली बकलूती मध्यम तिखटच असते. तिखट उतरवायला साखर तर मुळीच नको. आणि हरिसा ‘हजारो वर्षांचा’ आहे असं कुणाला सांगू नका. मिरचीच अमेरिकेतून बाहेर पडली ती १४९२ नंतर.

शेवटचं, वापराबद्दल. कडकडीत तेलात चमचाभर हरिसा टाकला की लसूण लगेच करपतो आणि सगळा रस्सा कडू होतो. कुसकुसचा (रव्याच्या बारीक दाण्यांसोबतचा) रस्सा किंवा शकशुका (टोमॅटोच्या रश्श्यात शिजवलेली अंडी) करताना हरिसा आधी दोन चमचे पाण्यात कालवा, मग मंद आचेवर तेलात सोडा. पाण्याची जागा इथे आहे, बरणीत नाही. लबलाबीसाठी मात्र तो परतायचाच नाही. शिळ्या पावाच्या तुकड्यांवर काबुली चण्यांचा वाफाळता रस्सा ओतायचा, वर हरिसा आणि ऑलिव्ह तेल घालायचं, आणि कालवायचं काम खाणाऱ्यावर सोडायचं.