एम.ए.चा फॉर्म भरण्याआधी कॅम्पस चालून बघा

दर जूनमध्ये टी.वाय. झालेली मुलं मला विचारतात, "मॅडम, एम.ए. विद्यापीठात करू की गावातल्या कॉलेजात?" फी, विषय, वसतिगृह सगळ्याची चौकशी झालेली असते. कॅम्पस केवढा आणि त्यात आपला दिवस कसा जाईल, हे कुणी विचारत नाही. दोन वर्षं काढायची असतात ती तिथंच.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं आवार 853 एकर. आमच्याकडं दहा एकर ऊस असला तरी माणूस बडा बागायतदार ठरतो, यावरून अंदाज घ्या. पण नुसते एकर मोजू नका, त्यात माणसं किती तेही बघा. 1962 साली शहराबाहेरच्या माळावर हे विद्यापीठ उभं राहिलं. कोल्हापूर, सांगली, साताऱ्यातली बहुतेक मुलं आपापल्या भागातल्या कॉलेजातून विद्यापीठाची पदवी घेतात, आवारात त्यांचा पाय फारसा पडत नाही. आत मुख्यतः पदव्युत्तर विभाग. त्यामुळं जागा ऐसपैस आणि वर्दळ कमी. वाचत बसणाऱ्याला हे सुख आहे. कॉलेजच्या कट्ट्यावर वाढलेल्याला मात्र पहिले काही महिने खायला उठतं.

म्हणून एकदा जाऊन याच. रविवारी नको, प्रवेशाच्या गर्दीतही नको, साध्या कामाच्या दिवशी. केएमटीच्या शहर बसनं उतरा, शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा बघा आणि तिथून आपला विभाग विचारत चालत जा. मग विभागातून बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय, ग्रंथालयातून वसतिगृह. रिक्षा करू नका. हाच रस्ता अंधार पडल्यावर पुन्हा चाला. मुलींनी तर नक्कीच, मैत्रिणीला बरोबर घेऊन. दिवे कुठं आहेत, कुठं नाहीत, माणसं कुठवर दिसतात, हे डोळ्यांनी बघा. जुलैत जमलं तर उत्तम. माळावरचा वारा पाऊस आडवा मारतो, छत्री उलटी होते. मी तिथं शिकताना पँटसकट रेनकोट घेतला, तेव्हा कुठं सकाळच्या तासाला कोरडी बसू लागले. दप्तराला प्लास्टिकची पिशवी वेगळी.

प्रवेश घेतलात तर एवढ्या मोठ्या आवारात आपली वाट पाडून घ्या. ग्रंथालयात रोज त्याच वेळी, त्याच टेबलाशी बसा. आठवड्याभरात शेजारचा "येताय का चहाला?" म्हणतो. तो दुसऱ्याच विभागाचा असतो, आणि मोठ्या कॅम्पसची खरी कमाई मला तीच वाटते. माझ्या मराठीच्या प्रबंधातले शिलालेख मला इतिहासाच्या एका मुलीनं वाचून दाखवले. 'कमवा आणि शिका' योजनेत काम करत शिकत असाल तर माणसं शोधावी लागत नाहीत, कामावरच भेटतात.

गावातल्या कॉलेजचं उलट. एक फाटक, एक जिना, एकच कट्टा. दोन दिवस दिसला नाहीत तर सर फोन करतात. एकटं बसायला कोपरा मात्र मिळत नाही. आईशी फोनवर बोललेलं सगळ्या वर्गाला कळतं. तसं जुन्या कोल्हापुरात गाव हाच कॅम्पस होता. राजाराम कॉलेज तेव्हा भवानी मंडपालगत होतं आणि 1901 पासून शाहू महाराजांनी उभी केलेली बोर्डिंगं गावातच. खेड्यातून आलेला मुलगा चार गल्ल्या ओलांडून तासाला पोचायचा. तुमचा स्वभाव असा माणसांत रमणारा असेल तर गावातलं कॉलेज घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

विद्यापीठाकडं मन ओढत असेल तर परत निघण्याआधी विभागातल्या शिपाईमामांना विचारा, "सहानंतर इथं कोण असतं?" मुलं असतात म्हणाले तर सोबत विभागातच मिळेल, रोज एसटीनं ये-जा करूनही निभेल. कुणी नसतं म्हणाले, तर सोबत वसतिगृहातच मिळेल, त्याचा अर्ज त्याच दिवशी भरून टाका.