घरी छोटा व्हिडिओ करताना या चुका टाळा

‘ते एडिटिंगमध्ये बघून घेऊ’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. घरी केलेले व्हिडिओ बहुतेक याच वाक्यापायी वाया जातात.

पहिला मान आवाजाचा. लोक फोर-के की फुल एचडी यावर वाद घालतात आणि फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून बोलायला लागतात. माइकपासूनचं अंतर दुप्पट झालं की थेट पोचणारा आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. पंखा, फ्रिजची घरघर आणि भिंतींवरून घुमणारा आवाज मात्र तितकाच राहतो. एका मित्राने सायकलचं पंक्चर काढण्याचा व्हिडिओ केला. हात सफाईदार, सगळं स्वच्छ दिसतंय, पण डोक्यावर पंखा फुल स्पीडवर! “तेवढा आवाज साफ करून दे,” म्हणत माझ्याकडे आला. नॉइज रिडक्शन वाढवलं तर पंख्याबरोबर बोलण्यातले स आणि श पण गेले, कमी केलं तर पंखा हजर. अखेर बिचाऱ्याने चांगल्या ट्यूबला मुद्दाम भोक पाडून सगळं पुन्हा शूट केलं. यावेळी पंखा बंद, आणि दुसरा फोन व्हॉइस रेकॉर्डर लावून हातभर अंतरावर, फ्रेमबाहेर. दोन्ही रेकॉर्डिंग चालू झाल्यावर एक टाळी वाजवायची, मग नंतर तिच्यावरून चित्र-आवाज जुळवता येतात. मी शेवटी अर्धा मिनिट गप्प बसून रिकाम्या खोलीचा आवाजही घेतो, जोड लपवायला उपयोगी पडतो. फ्रिज बंद केलात तर घराची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे चालू करायचा विसरणार नाही.

दुसरी चूक, काही न लिहिता रेकॉर्डचं बटण दाबणं. ‘मनातून आलं की नैसर्गिक वाटतं’ म्हणे! मनातून येतं ते ‘तर, म्हणजे, ॲक्च्युअली’. मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द धरा आणि कागदावर लिहा. मी शेवटचं वाक्य आधी लिहितो. ते सुचत नसेल तर विषयच पक्का झालेला नाही. मग शॉट्सची यादी. एका अँगलचे सगळे शॉट एकदम उरकायचे, क्रम एडिटिंगमध्ये लावायचा. एडिटिंग त्यासाठीच असतं.

बाकीचं थोडक्यात. खिडकी पाठीशी नको, समोर किंवा बाजूला हवी. फोकस-एक्स्पोजर चेहऱ्यावर बोट दाबून लॉक करा, नाहीतर हात हलला की उजेड खालीवर होतो. दिव्याचे पट्टे सरकताना दिसले तर ५० हर्ट्झ वीज असलेल्या ठिकाणी शटर स्पीड (प्रत्येक फ्रेम उजेड घेते तो वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंद, ६० हर्ट्झला १/६० किंवा १/१२० ठेवा. डिजिटल झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. लेन्स पुसा. आडवा की उभा, हे आधी ठरवा. आडव्याचा उभा कापला की कडेची माणसं जातात.

आणि रेकॉर्डिंगआधी फोन फ्लाइट मोडवर, त्याच्या स्टोरेजमध्ये जागा रिकामी केलेली. मग दहा सेकंदांची चाचणी घेऊन ती हेडफोन लावून ऐका. फोनच्या स्पीकरवर पंखा ऐकूच येत नाही, मित्राचाही घोळ तिथेच झाला होता.