हरलेला डाव तपासताना या चुका टाळा

सांगलीत उन्हाळ्याच्या सुट्टीत बुद्धिबळ स्पर्धा लागल्या, की फेरीनंतर हॉलबाहेर हे हमखास दिसतं. पोरगं हरून येतं, बाबा मोबाईल काढतात, चाली भराभर टाकल्या जातात, इंजिन, म्हणजे चाली तपासणारा प्रोग्राम, लाल खूण दाखवतं. "हितं चुकलास बघ." झाला अभ्यास!

इंजिन आधी उघडणं ही सगळ्यात महाग चूक. चुकलं कुठं ते इंजिन सांगतं. तुम्ही तेव्हा काय विचार करत होता, ते त्याला कुठून कळणार? आधी स्कोअरशीट, म्हणजे चाली लिहिलेला कागद, घेऊन डाव पटावर मांडा आणि जिथं अडला होतात तिथं मनात काय होतं ते लिहा. फेरी चालू असताना चालीशेजारी घड्याळातली वेळ टिपायला नियमानं मुभा आहे. ती टिपलेली असली, की ब्लंडर, म्हणजे घोडचूक, घाईत झाला का, ते लगेच दिसतं. बुद्धिबळासाठी झटणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या सांगलीतून भाग्यश्री साठे-ठिपसे पुढे पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या झाल्या, त्या काळात कुणाच्या खिशात इंजिन नव्हतं.

दुसरी चूक म्हणजे ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरीव चाली, नुसती पाठ करणं. इटालियन नावाच्या ओपनिंगमध्ये काळ्यानं दोन्ही घोडे बाहेर काढले, की पांढरा घोडा जी५ वर (अक्षर-आकडा म्हणजे पटावरचं घर) येऊन एफ७ वरच्या, काळ्या राजाशेजारच्या प्याद्यावर डोळा ठेवतो. काळा प्यादं डी५ ला ढकलतो, पांढरा ते मारतो. आता घोड्यानं परत मारलं, तर पांढरा एफ७ वर घोडा देतो, राजा तो मारतो, वजिराचा एफ३ वरून शह बसतो आणि डी५ चा घोडा राखायला राजाला ई६ वर, पटाच्या मधोमध यावं लागतं. म्हणून पोरं "घोडा ए५" घोकतात. का, विचारलं की गप्प. त्या चालीनं सी४ च्या उंटावर हल्ला होतो. उंट बी५ वरून शह देतो, काळा सी६ खेळतो आणि मारामारीनंतर काळ्याचं एक प्यादं कमी राहतं. बदल्यात पांढऱ्याचा आधी उंट, मग घोडा हाकलत काळ्याची मोहरी झटपट बाहेर येतात. हे माहीत नसलं की पोरगं प्यादं परत मिळवायच्या नादात डाव घालवतं आणि घरी जाऊन ओपनिंगच बदलतं.

सारखी सारखी ओपनिंग बदलू नका, एवढंच.

आणि समोरच्याला तसंच सोडू नका. हॉलबाहेर गाठून विचारा, "तुला कुठल्या चालीची भीती वाटत होती?" बऱ्याचदा ती चाल तुम्ही पाहिलेलीही नसते.